बेदाण्याचं पाणी गोड का झालं?

परासरणाची व्याख्या आठवीची मुलं फार चांगली लिहितात. जास्त पाण्याकडून कमी पाण्याकडे, निवडक्षम पारपटलातून. दोन गुण हमखास. विसरण म्हणजे काय, समपरासारी द्रावण कशाला म्हणतात, तेही चोख. पण त्याच मुलांना तोंडी विचारावं, की कच्च्या बटाट्याच्या वाटीत साखरेचं द्रावण वर चढतं, बटाटा आधी उकडून घेतला तर हेच होईल का, तर वर्ग गप्प होतो. मग कोणीतरी चाचरत म्हणतं, "होईल की मॅडम, बटाटाच आहे." बाकीचे माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतात, उत्तर तिथं सापडतंय का म्हणून.

गेली बरीच वर्षं मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आहे. पेशीपटलाचा भाग वेळापत्रकात एक-दोन तासांत उरकतो. माझ्या मते शालेय जीवशास्त्रात याच्याइतकं महत्त्वाचं प्रकरण दुसरं नाही, आणि ते आपण उलट्या टोकानं शिकवतो. काय कुठून कुठं जातं यावर सगळा भर देतो. पण जाण्यासाठी, पसरण्यासाठी जीव लागत नाही. शाई पाण्यात पसरते, धूर हवेत पसरतो, मीठ आमटीत पसरतं. पेशीचं काम वेगळंच आहे. आतलं आत आणि बाहेरचं बाहेर राखणं, दोन्हीकडचा फरक मिटू न देणं, हे तिचं काम, आणि त्यासाठी ती अखंड खपत असते. मुलांना हे राखणं दिसलं, की बाण कुठल्या दिशेनं काढायचा ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

आमचा भाग द्राक्षांचा. फेब्रुवारी ते एप्रिल वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी एकच बोलणं असतं, शेडवर माल किती पडला आणि आभाळ कसं आहे. त्यामुळे बेदाणे भिजत घालायचे म्हटलं की मुलं मूठमूठ घेऊन येतात. रात्रभर भिजलेला बेदाणा फुगतो यात त्यांना नवल वाटत नाही. म्हणून मी आधीचा प्रश्न विचारते, द्राक्षाचा बेदाणा होताना पाणी कुठं गेलं? इथं मुलं भरभरून बोलतात. द्राक्षं आधी कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून बुडवून काढायची, मग शेडमध्ये जाळीच्या रॅकवर पसरायची, पंधरवड्याच्या आसपास माल तयार होतो, चार किलो द्राक्षांमागं साधारण किलोभर बेदाणा पडतो. बुडवायचं कशासाठी? "लवकर वाळतंय म्हणून." का लवकर वाळतं, ते मात्र घरी कोणी सांगितलेलं नसतं. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी अडवतो. डिपिंग ऑइलनं त्या मेणाची वीण सैल होते आणि पाणी सालीतून सुटून हवेत उडून जातं. हे बाष्पीभवन झालं, परासरण नव्हे. एवढा फरक सुरुवातीलाच पक्का करून घ्यावा लागतो, कारण नवा शब्द हातात आला की मुलं तो वाळत घातलेल्या कपड्यांनाही लावतात.

प्रयोगशाळेतलं काहीही चाखायचं नाही, हा नियम मी कडक पाळते. म्हणून बेदाण्यांचा प्रयोग वर्गातच, घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यांत करतो. एका वर्षी पुढच्या बाकावरच्या मुलीनं दुसऱ्या दिवशी पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं. तिची आज्जी रोज सकाळी भिजवलेल्या मनुकांचं पाणी पिते, त्या सवयीनं. पिऊन झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम, पाणी गोड लागतंय की. पटलातून पाणी जातं, साखर जात नाही म्हणालात. मग ही साखर बाहेर आली कुठनं?"

असा प्रश्न आला की दिवसाचं सोनं होतं. मी फळ्यावर प्रश्न जसाच्या तसा लिहिला आणि त्या दिवशी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं एक बीट आणायचं सांगितलं.

बीटाचे सारख्या मापाचे तुकडे करायचे आणि नळाखाली नीट धुऊन घ्यायचे. हे धुणं महत्त्वाचं, कारण सुरीनं फुटलेल्या पेशींचा रंग आधी निघून जायला हवा. मग काही तुकडे साध्या पाण्यात, काही मीठ घातलेल्या पाण्यात आणि काही गरम पाण्यात टाकायचे. गरम पाणी शालेय पोषण आहाराच्या शेडमधल्या मावशींकडून मिळतं. साध्या पाण्यातला तुकडा तासभर राहिला तरी पाणी जवळजवळ नितळ. मिठाच्या पाण्यातला तुकडा नरम पडतो, वाकवला तर वाकतो, पण रंग फारसा सोडत नाही. गरम पाण्यातला मात्र बघता बघता पेला लालभडक करून टाकतो. बीटाचा रंग पेशीच्या आत, रिक्तिकेत साठवलेला असतो. त्याच्याभोवती रिक्तिकेचं पटल आणि त्याच्याबाहेर पेशीपटल. ही पटलं शाबूत आहेत तोवर रंग आत राहतो. साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात त्यांची घडी विस्कटते, आणि मग अडवणारं कोणी उरत नाही.

बीटाचे पेले बाकावर ओळीनं मांडून मी पुन्हा फळ्यावरच्या प्रश्नाकडे बोट दाखवलं. शेडवर पंधरा दिवस वाळलेल्या द्राक्षातल्या पेशी कशा असतील? मागून एक मुलगा म्हणाला, "मेल्याल्या." झालं, तिथून पुढं मुलांनीच जुळवलं. बेदाण्यातली पटलं वाळतानाच फाटली. आतली साखर पाणी ओढते आणि बाहेरची साल साखरेला काही काळ थोपवून धरते, म्हणून बेदाणा फुगतो. पण पटलाची निवड संपलेली असल्यानं साखरही हळूहळू पाझरते. बेदाण्याचा प्रयोग अनेक पुस्तकांत परासरणाचं साधं उदाहरण म्हणून येतो आणि पाणी आत शिरलं एवढ्यावर थांबतो. मला तो प्रयोग आवडतो तो या गोड पाण्यासाठी.

उकडलेल्या बटाट्याचं उत्तर आता कोणी माझ्या चेहऱ्यावर शोधत नाही. कच्च्या बटाट्याचा तळ सपाट कापायचा, वरून कोरून वाटी करायची, वाटीत साखरेचं द्रावण भरायचं, पातळीला टाचणी टोचायची आणि बटाटा रंगीत पाण्याच्या ताटलीत ठेवायचा. तास-दीड तासात द्रावण टाचणीच्या वर चढलेलं असतं. शेजारी उकडलेल्या बटाट्याची तशीच वाटी. तिथं पातळी चढत नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत मुलं बहुतेक वेळा पहिल्याच बटाट्याची आकृती काढतात, कारण तिथं काहीतरी घडलेलं असतं. मी दुसऱ्याच्या आकृतीला जास्त गुण देते.

या बटाट्याच्या निमित्तानं एका मुलानं विचारलेला प्रश्न मी पुढं प्रत्येक वर्गाला सांगत आले. पेशीपटल चरबीच्या रेणूंच्या दोन थरांचं असतं हे मी सांगितलं होतं. हॉलंडमधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी 1925 मध्ये रक्तातल्या तांबड्या पेशींमधली चरबी काढून पाण्यावर पसरली, तेव्हा तिनं पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली, त्यावरून दोन थरांचा अंदाज आला, हेही. सगळं मिळून जाडी सात-आठ नॅनोमीटर, म्हणजे अशी सव्वा लाख पटलं एकावर एक रचली तर मिलिमीटरभर जाडी होईल. त्या मुलाचा प्रश्न सरळ होता. "तेलातनं पाणी जातंय कसं?"

हा प्रश्न मोठमोठ्या शास्त्रज्ञांना कितीतरी दशकं छळत होता. थोडं पाणी चरबीच्या थरांतून झिरपतं, पण तांबड्या पेशी किंवा मूत्रपिंडातल्या पेशी ज्या वेगानं पाणी सोडतात तो वेग त्यानं जुळेना. अमेरिकेतले पीटर अग्रे तांबड्या पेशींमधल्या दुसऱ्याच एका प्रथिनाचा शोध घेत होते. त्यांच्या हाती एक अनोळखी प्रथिन लागलं, आणि 1992 मध्ये त्यांनी दाखवलं की हीच पाण्याची वाट आहे. अक्वापोरिन हे तिचं नाव. अशा एका वाटेतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू एका ओळीत निघून जातात, आणि मिठाचा एक कणही सोबत जात नाही. 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल अग्रे यांना मिळालं, रॉडरिक मॅकिनन यांच्यासोबत. मॅकिनन यांचं काम पोटॅशियमच्या वाटेवरचं. खेड्यातल्या आठवीच्या वर्गात आलेला प्रश्न आणि नोबेलचा प्रश्न एकच असू शकतो, हे मुलांना कळलं पाहिजे. त्यानंतर प्रश्न विचारायला हात जास्त वर येतात, हा माझा अनुभव आहे.

विसरणासाठी वर्गात उदबत्ती लावायची प्रथा आहे. मी ती लावत नाही. पंखा बंद केला, दारं लावली, तरी उदबत्तीचा गरम धूर वर उठतो, हवा हलते, मुलांच्या श्वासानं हलते, आणि वास त्या हवेवर बसून मागच्या बाकापर्यंत जातो. रेणूंच्या नुसत्या धक्काबुक्कीनं वास चार-पाच मीटर जायचा तर कित्येक दिवस लागतील. मूल जे बघतं ते वाऱ्याचं काम असतं आणि वहीत लिहितं विसरण. त्याऐवजी मी चायना ग्रास आणते. वाण्याकडे मिळतं, उकळून बशीत ओतलं की थंड होऊन घट्ट बसतं, आत प्रवाह उरत नाही. मधोमध पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा ठेवायचा आणि बशीखाली आलेखकागद. पहिल्या तासात जांभळा रंग तीन-चार मिलिमीटर सरकतो. मुलांना वाटतं, तासाला एवढा तर उद्यापर्यंत बशी भरून जाईल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मोजलं तर रंग चार-पाच पटच गेलेला असतो, कडेला तपकिरी पडलेला. वेळ चोवीसपट झाला आणि अंतर पाचपट. दुप्पट अंतराला चौपट वेळ, तिप्पटीला नऊपट, हे मुलं आपल्या आकड्यांवरून शोधतात.

मग पेशी एवढ्या लहान का, याचं उत्तर समोर येतं. ग्लुकोजचा रेणू पेशीतलं दहा मायक्रोमीटर अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत भटकत पार करतो. तेच अंतर एक सेंटिमीटर झालं, म्हणजे हजारपट, तर वेळ दहा लाखपट होतो, जवळजवळ एक दिवस. म्हणून आपल्याला हृदय लागतं, रक्त लागतं, झाडाला नलिका लागतात. शेवटच्या काही मायक्रोमीटरचं काम तेवढं विसरणावर सोपवलेलं आहे.

भटकत, हा शब्द मी मुद्दाम वापरते. मुलांच्या मनात, आणि शिक्षकांच्याही, रेणूंना इच्छा असते. पाण्याला तिकडं जायचं असतं, मिठाला पसरायचं असतं. पटलाला तर सर्रास राखणदार केलं जातं, काठी घेऊन उभा असलेला. हे मनातून काढायला मी वर्गाला मैदानावर नेते. फक्कीनं एक रेघ मारायची, सगळी मुलं रेघेच्या एका बाजूला. डब्यात प्रत्येकाच्या हजेरी क्रमांकाची चिठ्ठी. मी एक चिठ्ठी काढते, नंबर वाचते, तो मुलगा किंवा मुलगी रेघ ओलांडते, चिठ्ठी परत डब्यात. एवढाच खेळ. पॉल आणि तातियाना एरेनफेस्ट या दांपत्यानं 1907 मध्ये गणितासाठी असाच खेळ कल्पिला होता. सुरुवातीला सगळे एकाच दिशेनं जातात, जायला दुसरीकडचं कोणी नसतंच. हळूहळू दोन्हीकडची संख्या जवळ येते, मग सारखीच्या आसपास थोडी वरखाली होत राहते. एक मुलगा मैत्रांना सोडून पलीकडे गेला आणि रागानं म्हणाला, "मॅडम, मला हिकडंच थांबायचं होतं. नंबर आला, मी काय करू?"

मी त्याला सगळ्यांसमोर तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. रेणूचंही तसंच आहे. गर्दी असेल तिथून जास्त नंबर निघतात, एवढंच कारण. आणि दोन्हीकडे सारखे झाल्यावर काय थांबलं? काहीच थांबलं नाही, चिठ्ठ्या निघतच होत्या. संहती सारखी झाली की हालचाल थांबते असं लिहिणारी मुलं त्या दिवसानंतर वर्गात फारशी उरत नाहीत.

शाळेच्या आवारात ऱ्हिओची झाडं आहेत, पानाची खालची बाजू जांभळी असते ती. सूक्ष्मदर्शक चालता एकच, मुलं साठ. पूर्वी रांगेत शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत तास संपायचा. आता मोबाईलचा कॅमेरा नेत्रिकेला धरला की सगळ्यांना एकदम बघता येतं. जांभळ्या सालीचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा. पडद्यावर फरशी बसवल्यासारख्या पेशी दिसतात, काठोकाठ जांभळ्या. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब, शंभर मिलिलिटरला पाचेक ग्रॅमचं, आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून ते ओढून घ्यायचं. मिनिटभर काही होत नाही. मग कोपऱ्यांतून जांभळं सुटायला लागतं. भित्तिका जागच्या जागी आणि आतला जांभळा गोळा आक्रसत, गडद होत मध्ये सरकतो. हा रससंकोच. भित्तिका आणि गोळा यांच्यामधल्या रिकाम्या जागेत काय आहे, हे मी इथं हटकून विचारते. हवा, म्हणतात बरेच जण. तिथं मिठाचं पाणी असतं, कारण भित्तिका कोणालाच अडवत नाही, अडवतं ते पटल. आता साधं पाणी सोडायचं. गोळा फुगत फुगत पुन्हा भित्तिकेला टेकतो. मिठात फार वेळ राहिलेली एखादी पेशी मात्र परत फुगत नाही, तिचा जांभळा रंग आसपास विरघळून जातो. मुलं आपसात कुजबुजतात, "ती गेली."

असा तास झाला की शेतातल्या गोष्टी आपोआप बाहेर पडतात. युरिया बुडात जास्त पडला की रोप करपतं, हे इथं लहान पोरालाही माहीत. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ आधी घातलं तर पाणी सुटतं, कैरीच्या फोडींना मीठ लावलं की खार सुटतो. पण सर्वांत जास्त बोलतात ती क्षारपड रानांची मुलं. कृष्णा-वारणेच्या काठाला, वाळवा-शिरोळ भागात, वर्षानुवर्षं उसाला पाटानं भरपूर पाणी देऊन जमिनीखालची पाण्याची पातळी वर आली, आणि त्या पाण्याबरोबर क्षार वर आले. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात, रान पांढरं पडतं. एका मुलीनं सांगितलं होतं, "पाय रुततोय एवढं पाणी हाय, तरी ऊस वाळतोय. पप्पा म्हणत्यात रोग पडला." ऱ्हिओची पेशी तिनं नुकतीच बघितली होती. मुळाच्या बाहेरचं पाणी खारं असेल तर मुळाला ते ओढून घेणं जड जातं. भरल्या रानात पीक तहानेलं राहतं. आणि क्षार धुऊन जातील म्हणून आणखी पाणी दिलं, खाली निचरा नसला, तर पातळी आणखी वर येते. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा केल्याशिवाय असं रान सुधारत नाही. हे सांगताना मला जपून बोलावं लागतं, कारण ते रान कोणाच्या तरी घरची चूल आहे आणि पाइप टाकायला पैसा लागतो. पण रोग पडला आणि क्षार वाढले यात फरक आहे, औषधाच्या दुकानात जायचं की माती तपासून घ्यायची, एवढा मोठा फरक, आणि तो त्या मुलीच्या घरी पोचावा असं मला मनापासून वाटतं.

इथवर सगळा उतारावरचा प्रवास झाला. चढावरचा पुस्तकात एका परिच्छेदात असतो, सक्रिय वहन म्हणून. आपल्या पेशींच्या बाहेर सोडिअम आतल्यापेक्षा दहापटीहून जास्त असतं, पोटॅशियम उलट, आत पुष्कळ आणि बाहेर थोडं. हा फरक आपोआप टिकत नाही. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी 1957 मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना ते प्रथिन शोधलं जे तीन सोडिअम बाहेर टाकतं आणि दोन पोटॅशियम आत घेतं, दर फेरीला एक एटीपी खर्चून. त्यांना नोबेल मिळालं चाळीस वर्षांनी, 1997 मध्ये. आपण स्वस्थ पडून असतो तेव्हा शरीर जी ऊर्जा वापरतं तिचा पाचवा हिस्सा किंवा थोडा अधिक या एका कामावर जातो. मुलं विचारतात, न खेळता न पळता भूक का लागते? फरक राखण्याची ही किंमत आहे.

आणि त्याच फरकावर जीव कसा वाचतो हे मी जलसंजीवनीच्या पुडीवरून दाखवते. पावसाळ्याच्या तोंडाला आशाताई पुड्या वाटतात, प्रत्येक घरात एखादी असते. जुलाबात आतड्यातून पाणी आणि क्षार वाहून जातात, नुसतं पाणी दिलं तर भागत नाही. पण आतड्याच्या पेशींत एक वाट शाबूत राहते, जिथून सोडिअम आणि ग्लुकोज जोडीनंच आत येतात. रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये ही जोडवाट मांडली. पेशीतून सोडिअम सतत उपसलं जातं म्हणून बाहेरचं सोडिअम आत यायला उतार मिळतो, ते ग्लुकोजला सोबत आणतं, आणि मागोमाग पाणी येतं. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपांतून लोकांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. 2022 मध्ये ते गेले, 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर न्यूटन आणि आइनस्टाईन होतेच. त्यांच्या शेजारी मी महालनबीसांचं चित्र लावलं आहे.

त्या तासाला मी एक गोष्ट विचारल्याशिवाय राहत नाही. घरी पुडी कशी देता? दरवर्षी काही हात वर येतात, "पेल्यात टाकून ढवळून." पुडी लिटरभर पाण्यासाठी असते. आता वापरात असलेल्या द्रावणाची तीव्रता 245 ठरवलेली आहे, रक्ताची 290 च्या जवळपास, म्हणजे ते मुद्दाम रक्तापेक्षा थोडं पातळ ठेवलंय. तीच पुडी 200 मिलिलिटरच्या पेल्यात टाकली तर तीव्रता पाचपट, 1225. मुलं गुणाकार करतात आणि ऱ्हिओची पेशी आठवतात. ते पाणी आतड्यातून आत जाण्याऐवजी अंगातलं पाणी आतड्यात ओढून आणेल. जुलाब झालेल्या बाळाला बाटलीतली गोड शीतपेयं देऊ नयेत ती याच कारणानं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. हे मी वहीत नाही, घरच्या ओट्याजवळच्या भिंतीवर लिहून चिकटवायला सांगते. आणि दुसऱ्या दिवशी कोणाकोणाच्या घरी चिकटलं ते विचारते.

गेल्या वर्षी या सगळ्यानंतर एक शांत मुलगा तास संपल्यावर टेबलाशी आला. त्याच्या चुलत्यांना आठवड्यातून तीनदा मिरजेला डायलिसिसला न्यावं लागतं, तोही कधी सोबत जातो. त्यानं विचारलं, "त्या मशीनमधल्या नळीत पटल असतं का? मग त्यात कोण उपसतंय?" मी त्याला म्हटलं, हा प्रश्न उद्या सगळ्यांपुढं ठेव.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर फक्त दोन चौकोन काढले, एकात रक्त, एकात मशीनचं पाणी, मध्ये पटल. हे पटल नुसती चाळणी, मी सांगितलं, बारीक रेणू कोणताही असो, जाऊ देते. उपसणारं तिथं कोणी नाही. युरिया रक्तात भरपूर, पाण्यात शून्य, म्हणजे तो निघून जाणार, ते सगळ्यांना पटलं. मग एकजण म्हणाली, "पण साखर पण जाईल की. आणि मीठ पण." वर्गात बराच वेळ चर्चा चालली. चाळणीला निवड करता येत नाही, तर निवड करायची कुठं? शेवटी त्या मुलानंच सांगितलं. "बाहेरच्या पाण्यात पण तेवढीच साखर आणि तेवढंच मीठ टाकायचं. मग जितकं जाईल तितकं येईल." मशीनच्या पाण्यात खरोखरच ग्लुकोज असतं, सोडिअम जवळपास रक्ताइतकंच असतं. मी एवढंच म्हणाले, की बरोबर आहे, आणि विचारलं, पोटॅशियमचं काय करशील? मूत्रपिंड थकलेलं असलं की रक्तात पोटॅशियम साठत जातं, ते वाढणं हृदयाला धोक्याचं असतं.

त्यानं खडू घेतला आणि बाहेरच्या चौकोनात पोटॅशियम लिहून पुढं "रक्तापेक्षा कमी" लिहिलं. मग वळून म्हणाला, "म्हणून चुलत्यांना नारळपाणी बंद केलंय. त्यात पोटॅशियम असतंय ना?" असतं, मी म्हटलं, भरपूर असतं. आणि केळ्यात? कोणीतरी विचारलं. टोमॅटोत? चिकूत? त्या तासाचा उरलेला वेळ आम्ही कोणाच्या घरी काय पिकतं त्याची यादी करून, त्यातलं चुलत्यांना काय चालेल हे बघण्यात घालवला. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यानं वहीच्या शेवटच्या पानावर वेगळे लिहून घेतले.